खालची कवळी का हलते? माप नीट, तर कवळी नीट

सगळे दात गेल्यावर तोंडात दोन कवळ्या बसवतात, एक वर आणि एक खाली. वरची बहुतेकांना जमते. खालचीबद्दल मात्र वस्तीत आम्हाला नेहमी एकच तक्रार ऐकू येते : “बोलताना उडते, जेवताना बोचते, म्हणून डबीत ठेवून दिली.” मग भाकरी चुरून वरणात भिजवायची, शेंगदाणे-हरभरे सोडून द्यायचे, मटणाचा नुसता रस्सा प्यायचा, असे सुरू होते. खाणे कमी झाले की अंगातली ताकद जाते. लग्नकार्यात आणि विहारात बाया तोंडाला पदर लावून बसतात. कवळीवर घातलेले मजुरीचे पैसेही वाया जातात.

लोक म्हणतात, “वयच झाले, आता काय बसणार?” नर्स म्हणून आणि पुढे वस्तीत काम करताना आम्ही पाहिले आहे की दोष पुष्कळदा वयाचा नसतो. पुष्कळदा माप घाईत घेतलेले असते. म्हणून या वेळी आरोग्य पानावर मापाचा धडा. माप डॉक्टरच घेणार, पण ते कसे घेतात हे आपल्याला माहीत असले तर आपण तोंडाची नीट साथ देऊ शकतो आणि योग्य प्रश्न विचारू शकतो.

वरची बसते, मग खालचीच का हलते?

याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण जागेचे. वरची कवळी सगळी टाळू झाकते. ओल्या ओट्यावर ताटली उपडी ठेवली की ती चिकटून बसते, तशी ती थुंकीच्या पातळ थरावर टाळूला धरून राहते. खालच्या जबड्यात मध्ये जीभ असते. त्यामुळे खालची कवळी घोड्याच्या नालासारखी अरुंद असते. तिला टेकायला मिळणारी जागा वरच्यापेक्षा जवळपास निम्मीच असते.

दुसरे कारण हालचालीचे. खालच्या कवळीभोवती जीभ, गाल, ओठ आणि जिभेखालचे स्नायू सतत हलत असतात. बोलताना, गिळताना, हसताना ते कवळीला कडेने ढकलतात.

तिसरे कारण हाडाचे. दात गेले की त्यांना धरणारे जबड्याचे हाड झिजत जाते. टालग्रेन या संशोधक बाईंनी २५ वर्षांपर्यंतच्या नोंदींवरून १९७२ साली दाखवले की कवळी वापरणाऱ्यांचे खालचे हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजते. म्हणून दहा-पंधरा वर्षे बिनदाताच्या माणसाचा खालचा जबडा कधी कधी अगदी सपाट झालेला दिसतो.

जागा कमी, हालचाल जास्त आणि हाड झिजलेले. एवढ्या अडचणीत कवळी स्थिर ठेवायची, तर मिळते ती सगळी जागा वापरावी लागते आणि हलणाऱ्या भागाला अडथळा करून चालत नाही. या दोन्ही गोष्टी मापात ठरतात.

माप म्हणजे नेमके काय?

शिंप्याने ब्लाउजचे माप हात खाली सोडून घेतले आणि बाहीला जागा ठेवली नाही, तर हात वर करताच शिवण ताणते. कवळीचेही तसेच आहे. तोंड स्थिर असतानाचा नुसता आकार घेतला, तर जीभ हलताच कवळी उचलली जाते. म्हणून चांगल्या मापात दोन गोष्टी येतात : हिरडीचा आकार, आणि गाल-ओठ-जीभ हलताना कवळीच्या कडेला किती जागा उरते त्याचा अंदाज.

कड लांब झाली तर स्नायू कवळीला वर ढकलतात आणि तिथे जखम होते. ही भीती मनात धरून कड फार आखूड केली तर टेकायची जागा कमी होते, कडेने हवा शिरते आणि कवळी सरकते. कड तंतोतंत हवी.

माप दोनदा घेतात

पहिले माप कच्चे असते. बाजारात मिळणारा तयार ट्रे जबड्यावर बसवून माप घेतात. ट्रेमध्ये एक तर आल्जिनेट नावाची पावडर पाण्यात कालवून भरतात, किंवा गरम पाण्यात मऊ होणारा कंपाउंडचा गोळा भरतात. आल्जिनेट समुद्रातल्या शेवाळापासून बनते. ते वाळले की आकसते, म्हणून त्यात प्लास्टर लवकर ओतावे लागते. त्या प्लास्टरचा साचा तयार होतो.

त्या साच्यावर तुमच्या एकट्याच्या जबड्याचा ट्रे बनवतात. याला खास ट्रे म्हणतात. तयार ट्रे हा दुकानातली चप्पल, तर खास ट्रे हा पायाचे माप देऊन शिवून घेतलेला जोडा. खालच्या कवळीसाठी ही पायरी गाळू नये.

मग खास ट्रे तोंडात ठेवून कडा घडवतात. हिरव्या रंगाची कंपाउंडची कांडी ज्योतीवर मऊ करून ट्रेच्या कडेला थोडी थोडी लावतात, गरम पाण्यात बुडवून तिचा चटका कमी करतात आणि ट्रे तोंडात बसवतात. तुम्ही ओठ, गाल, जीभ हलवता, आणि ती मऊ कड तुमच्याच हालचालीने आकार घेते. थंड झाली की बाहेर काढून पुढचा भाग करतात. या कामाला वेळ लागतो आणि लागू द्यावा.

शेवटी ट्रेमध्ये पातळ पेस्ट भरून पक्के माप घेतात. पुष्कळ ठिकाणी झिंक ऑक्साईड आणि युजेनॉलची पेस्ट वापरतात. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक, म्हणून तिला लवंगेचा वास येतो. तोंड कोरडे असेल तर ती चरचरते. तसे झाले तर लगेच सांगा. सिलिकॉनचे रबरासारखे साहित्यही मिळते.

खालच्या मापात कोणती जागा यायलाच हवी?

आरशासमोर बसा, स्वच्छ धुतलेले बोट खालच्या हिरडीवरून मागे नेत जा. हिरडी जिथे संपते तिथे एक मऊ, लहानसा उंचवटा लागतो. खालची कवळी दोन्ही बाजूंना या उंचवट्यापर्यंत पोहोचली पाहिजे. त्याच्या थोडे पुढे, दाढांच्या जागेच्या बाहेरच्या अंगाला, गालाकडे एक सपाट आणि टणक जागा लागते. हे हाड घट्ट असते, चावण्याचा भार चांगला पेलते आणि वरच्या काठाइतके लवकर झिजत नाही. कवळी या जागेवर टेकली तर हिरडीच्या धारेवरचा ताण कमी होतो.

जिभेच्या बाजूने कवळीची कड थोडी खाली उतरलेली असावी. जीभ कडेला हलकेच टेकून राहिली तर तीच कवळीला धरून ठेवते. ओठाखाली आणि गालाशी पातळ शिरा असतात, त्यांच्यासाठी कडेला खाच हवी. नाहीतर ओठ हलला की कवळी उडते.

माप देताना आपले काम

इथे पेशंटचे काम निम्मे असते. डॉक्टर सांगतील तेव्हा या हालचाली करायच्या. घरी दोन-तीन दिवस आधी आरशासमोर सराव करा.

१. ओठांचा चंबू करून “उ” म्हणा, मग ओठ ताणून “ई” म्हणा.
२. तोंड मोठे उघडा, हळू मिटा.
३. जीभ ओठांच्या बाहेर काढा, पण ताकद लावून फार लांब नको.
४. जिभेचे टोक डाव्या गालाला, मग उजव्या गालाला लावा.
५. जिभेचे टोक टाळूच्या पुढच्या भागाला लावा.
६. थुंकी गिळा.
७. डॉक्टर बोटांनी ट्रे दाबून धरतील, तेव्हा जबडा मिटायचा प्रयत्न करा. त्यामुळे गालातल्या चावण्याच्या स्नायूची जागा मिळते.

मान ताठ ठेवा, नाकाने श्वास घ्या. ओकारी येईल असे वाटले तर हात वर करा. लाजून गप्प बसू नका आणि अंग आखडूही नका. अंग आखडले की जीभ मागे ओढली जाते आणि माप चुकते.

कडा घडून झाल्यावर डॉक्टर ट्रे तोंडात ठेवून तोंड थोडे उघडायला आणि जीभ हळू हलवायला सांगतात. त्या वेळी ट्रे जागेवर राहिला पाहिजे. मापाच्या वेळी ट्रेच उठत असेल तर पुढे कवळीही उठणार. तेव्हाच सांगा, “डॉक्टर, उजवीकडून वर येतोय.” हे सांगण्यात उद्धटपणा काही नाही. तोंड आपले आहे, आत काय वाटते हे आपल्यालाच कळते.

हाड फार झिजले असेल तर

सपाट जबड्यावरची मऊ, सैल कातडी साध्या मापात दुमडते आणि मग कवळीखाली टोचत राहते. अशा वेळी काही डॉक्टर दोन प्रकारची कंपाउंड मिसळून घट्टसर मिश्रण करतात. मॅककॉर्ड आणि टायसन यांनी १९९७ साली ही पद्धत मांडली. त्यात वजनाने लाल कंपाउंडचे ३ भाग आणि हिरव्या कांडीचे ७ भाग घेतात. हे मिश्रण लगेच कडक होत नाही, म्हणून हालचाली करायला वेळ मिळतो आणि कातडीच्या घड्या सपाट होतात.

दुसरी पद्धत तोंड मिटून माप घेण्याची. ट्रेवर मेणाचे किंवा तत्सम कडे असते, पेशंट त्यावर चावा धरतो आणि मिटल्या तोंडाने “उ”, “ई”, ओठ चाटणे, गिळणे असे करतो. जपानचे डॉ. जिरो आबे यांनी याच तत्त्वावर खालच्या कवळीला चहूबाजूंनी हवाबंद कड मिळवून देण्याची रीत प्रसिद्ध केली. ती शिकलेले डॉक्टर सगळीकडे मिळतीलच असे नाही.

तिसरा उपाय इम्प्लांटचा. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन धातूचे खुंट बसवून कवळी त्यांवर अडकवतात. २००२ साली कॅनडात मॉन्ट्रियल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी बिनदाताच्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असे मत दिले. कवळी खरोखर घट्ट राहते. पण खर्च मोठा, शस्त्रक्रिया लहान असली तरी करावी लागते, आणि साखर आटोक्यात हवी. ज्यांना परवडते त्यांनी जरूर विचारावे. ज्यांना परवडत नाही त्यांनी कर्ज काढू नये. नीट मापाची साधी कवळी पुष्कळांना पुरते.

मापाला जाण्यापूर्वी

- दात नुकतेच काढले असतील तर हिरडी भरून येऊ द्या. साधारण दीड-दोन महिने तरी थांबायला सांगतात.
- जुनी कवळी वापरत असाल तर मापाआधी एक-दोन दिवस ती तोंडाबाहेर ठेवा. दबलेली हिरडी मूळ आकारात येते. दबलेल्या हिरडीचे माप घेतले तर नवी कवळीही चुकते.
- तोंडात जखम असेल तर आधी ती बरी करा.
- तंबाखू, मिश्री, गुटखा यांची सवय असेल तर लपवू नका. पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, किंवा दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम असेल, तर कवळीचे काम थांबवून आधी कॅन्सरची तपासणी करा.
- साखर, रक्तदाब, मानसिक आजार यांच्या गोळ्या सोबत न्या. काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, आणि थुंकी कमी असेल तर कवळी धरत नाही.
- डॉक्टरांनी नवे हातमोजे घातले का आणि ट्रे निर्जंतुक केलेला आहे का, हे पाहा आणि विचारा.

झटपट कवळीपासून सावध

आठवडी बाजारात, जत्रेत “तासाभरात दात बसवून मिळतील” असे सांगणारे भेटतात. काही जण हिरडीवर थेट रसायन लावून दात पक्के चिकटवतात. ते काढता येत नाहीत, खाली अन्न कुजते, हिरडी भाजते. नोंदणी नसलेल्याने दंतवैद्यकी करणे हा गुन्हा आहे. ज्यात माप एकदाच आणि पाच मिनिटांत होते, तिथे खालची कवळी बसण्याची आशा धरू नका.

नीट कामाला साधारण पाच फेऱ्या लागतात : कच्चे माप, पक्के माप, चाव्याचे माप, मेणातल्या दातांची चाचणी, आणि कवळी देणे. पुढे टोचणारी जागा घासून घेण्यासाठी एक-दोन फेऱ्या वेगळ्या.

कवळी हाती घेताना ही परीक्षा करा

मेणातली कवळी तोंडात असतानाच आरसा मागा, कारण तेव्हा दात हलवता येतात. पक्की कवळी मिळाली की जिभेचे टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे आरामात ठेवा. मग तोंड थोडे उघडा. कवळी जागेवर राहिली पाहिजे. मग त्रिशरण-पंचशील शांतपणे म्हणून पाहा. त्यात ओठांचे, दातांचे, जिभेचे सगळे उच्चार येतात. कवळी कुठे उचलली, कुठे टोचली ते लक्षात ठेवून डॉक्टरांना दाखवा.

पहिले काही आठवडे मऊ खा : खिचडी, मऊ भात, वरणात भिजवलेली भाकरी. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावा. पुढच्या दातांनी तोडायला गेलात तर मागून कवळी उठेल. चार दिवसांत जमले नाही म्हणून निराश होऊ नका. जिभेला नवे शिकायला महिना-दोन महिने लागतात. जखम झाली तर मात्र सहन करू नका आणि कवळी घरी कानशीने घासू नका. तपासायला जायच्या आदल्या दिवशी थोडा वेळ कवळी घाला, म्हणजे टोचणारी जागा लाल दिसते आणि डॉक्टरांना सापडते.

रात्री कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवा. गरम पाण्यात ठेवू नका, आकार बिघडतो. मऊ ब्रशने आणि साबणाने धुवा. धुताना खाली पाण्याचे भांडे ठेवा, म्हणजे हातून पडली तरी फुटणार नाही.

जुनी कवळी सैल झाली असेल तर

लगेच नवी करायची गरज नसते. दात बरे असतील आणि चावा जुळत असेल, तर त्याच कवळीत पातळ माप घेऊन आतून नवा थर चढवता येतो. याला रिलाईन म्हणतात. नव्या कवळीपेक्षा खर्च कमी येतो. मात्र घरी कापूस, कागद किंवा झटपट चिकटणारा गोंद लावू नका. त्याने हिरडी आणि कवळी दोन्ही खराब होतात.

परभणी जिल्ह्यात कुठे जाल?

परभणी शहरात सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात कवळ्यांचा स्वतंत्र विभाग असतो. तिथे शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली एकेक पायरी करतात, त्यामुळे फेऱ्या आणि वेळ जास्त लागतो. पण खालच्या कवळीला हाच वेळ हवा असतो. खर्च किती, फेऱ्या किती, नंतरच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे का, हे आधी विचारून लिहून घ्या. जिल्हा रुग्णालयातही दंत विभागात चौकशी करा. अवघड जबडा असेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. परभणीहून रेल्वेने थेट जाता येते.

फेऱ्यांच्या भाड्याची चिंता असते. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे आहे आणि सर्व महिलांना निम्मे भाडे आहे. आधार कार्ड सोबत ठेवा.

केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. ६० वर्षांवरील दारिद्र्यरेषेखालील किंवा महिन्याला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना त्यात साहित्य मोफत मिळते. काठी, चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची यांच्या यादीत कवळीही आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. शिबिर कधी आहे याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. कवळीचे माप कोण घेणार आणि सैल झाली तर दुरुस्ती कुठे होणार, हे शिबिरातही विचारा.

आमची सूचना अशी. विहाराच्या पुढच्या बैठकीत एक वही घ्या. वस्तीत कोणाला दात नाहीत, कोणाची खालची कवळी बसत नाही, कोणाच्या तोंडात जखम आहे, अशी तीन याद्या करा. जखमवाल्यांना त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या. बाकीच्यांनी पाच-सहा जणांचा गट करून एकाच दिवशी जावे, सोबत एक शिकलेली मुलगी किंवा मुलगा असावा. तारखा तोच लिहून घेईल, प्रश्न विचारेल आणि “ट्रे हलतोय” हे आजी लाजली तरी डॉक्टरांना सांगेल.